ओकायामा : काळा किल्ला, कोराकुएन आणि मधली नदी

ओसाकाहून पश्चिमेला निघालेली शिन्कान्सेन पाऊण तासाच्या आसपास ओकायामाला थांबते आणि बहुतेक परदेशी प्रवासी तिथे उतरतात ते केवळ गाडी बदलण्यासाठी. शिकोकू बेटाकडे, उत्तरेच्या सान-इन किनाऱ्याकडे, कुराशिकीच्या कालव्यांकडे आणि नाओशिमाच्या कलासंग्रहालयांकडे जाणारे मार्ग याच स्थानकातून फुटत असल्यामुळे सात लाखांवर वस्ती असलेल्या या शहराची ओळख पाहुण्यांसाठी फलाटापुरतीच राहते. एखादे मध्यम आकाराचे जपानी किल्ल्याचे शहर एका दिवसात नीट समजून घ्यायचे असेल, तर मी ओकायामाचेच नाव सुचवेन. अट एकच, की किल्ला, नदी आणि कोराकुएन ही बाग ही तिन्ही मिळून एकच जागा आहे असे समजून ती पाहावीत. नुसता किल्ला पाहणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक.

स्थानकाबाहेर पडताच मोमोतारोचा पुतळा दिसतो. पीचच्या फळातून जन्मलेला आणि कुत्रा, माकड व रानकोंबडा यांना सोबत घेऊन राक्षसांवर चालून गेलेला हा लोककथेतला मुलगा शहराने इतक्या उत्साहाने आपलासा केला आहे, की किल्ल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याला त्याचे नाव आहे आणि रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरही तोच आहे. थोडे अतीच होते. याच रस्त्याने 1912 पासून चालणारी ट्राम जाते. शिरोशिता थांब्यावर उतरले की किल्ला दहा मिनिटांच्या चालीवर आहे. भाडे किरकोळ आहे. ज्यांना चालायला आवडते त्यांनी स्थानकापासून पायीच जायला हरकत नाही, कारण रस्ता सपाट आणि रुंद आहे.

किल्ल्याचा मुख्य मनोरा उकिता हिदेइए या सरदाराने 1597 मध्ये पूर्ण केला. भिंतींवरच्या काळ्या फळ्यांमुळे लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात आणि शिन्कान्सेनने वीसेक मिनिटांवर असलेल्या हिमेजीच्या शुभ्र किल्ल्याशी त्याची जोडी लावतात. तीन वर्षांनी, 1600 मध्ये, सेकिगाहाराच्या लढाईत हिदेइए हरणाऱ्या बाजूला होता. पुढे त्याची रवानगी हाचिजो या दूरच्या बेटावर झाली आणि 1655 मध्ये तिथेच त्याचा शेवट झाला. त्याच लढाईत ऐन वेळी बाजू बदललेल्या कोबायाकावा हिदेआकीला ओकायामा बक्षीस मिळाले, पण दोनच वर्षांत तो तरुण वयात वारला. त्यानंतर 1603 पासून मेइजी काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकात सरंजामशाही संपेपर्यंत, शहर इकेदा घराण्याकडे राहिले.

29 जून 1945 च्या पहाटे झालेल्या अमेरिकी हवाई हल्ल्यात सतराशेहून अधिक माणसे मेली आणि मनोराही जळून खाक झाला. आज दिसतो तो 1966 मध्ये सिमेंट-काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. आत लिफ्ट आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर नोव्हेंबर 2022 मध्ये तो पुन्हा खुला झाला, तेव्हा आतील मांडणी ओकायामाचेच इतिहासकार इसोदा मिचिफुमी यांच्या देखरेखीखाली नव्याने करण्यात आली. ती सुबक आहे, मुलांना आवडेल अशी आहे, आणि उकिता, कोबायाकावा व इकेदा यांची कहाणी ती क्रमाने सांगते. तरीही जुन्या लाकडाचा वास, हातांनी गुळगुळीत झालेला कठडा, अरुंद चढा जिना यांपैकी काहीही तिथे मिळणार नाही. मनोऱ्याच्या आत अर्धा-पाऊण तास पुरतो.

वेळ द्यावा तो बाहेरच्या दगडांना. जुन्या मनोऱ्याचे पायाचे दगड नव्या इमारतीच्या जवळच मोकळ्या जागेत मांडून ठेवले आहेत. त्यांमधून चालताना मूळ वास्तूचा आवाका पावलांनी मोजता येतो. मधल्या आवारात आणखी एक जागा बहुतेक जण न पाहताच ओलांडतात. पुढच्या काळात भर घालून बुजवलेली उकिताच्या काळातली तटबंदी उत्खननात सापडली आणि ती आता जमिनीखाली, जिथे होती तिथेच, पाहता येते. दगड जवळजवळ न घडवलेले, ओबडधोबड, एकमेकांत नुसते बसवलेले. त्यांच्याशेजारी इकेदांच्या काळातली घडीव तटबंदी ठेवून पाहिली की दोन पिढ्यांत गवंड्यांचे तंत्र किती पुढे गेले ते माहितीफलकाविना कळते. हल्ल्यातून वाचलेला चंद्रदर्शनाचा बुरूज याच आवाराच्या कोपऱ्यावर आहे आणि या परिसरात अस्सल जुने बांधकाम पाहायचे तर ते इथेच.

आता नदी. आसाही नदीचा प्रवाह हिदेइएने वळवून किल्ल्याच्या पायथ्याशी आणला, म्हणजे खंदकाचे काम फुकटात झाले. पण नदीला दिलेल्या या वळणाची किंमत शहराने पुरांच्या रूपाने मोजली. 1654 च्या महापुरानंतर कुमाझावा बानझान या विद्वानाच्या कल्पनेवरून, जादा पाणी शहराच्या पूर्वेकडून वळवून काढून देणारा ह्याक्केन हा प्रवाहमार्ग खोदण्याचे ठरले आणि 1680 च्या दशकात त्सुदा नागातादा या अधिकाऱ्याने ते काम पूर्णत्वाला नेले. पुराचे पाणी आजही त्या मार्गाने जाते. याच त्सुदावर इकेदा त्सुनामासाने 1687 मध्ये नदीपलीकडे बाग उभारण्याची जबाबदारी टाकली. जो माणूस पाणी शहराबाहेर काढण्यात मुरलेला होता त्याच्याच हाती पाणी खेळवण्याचे काम आले, आणि बागेत फिरताना ते पावलोपावली जाणवते.

1700 मध्ये पूर्ण झालेले कोराकुएन हे कानाझावाचे केनरोकुएन आणि मितोचे काइराकुएन यांच्यासह जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत गणले जाते. क्षेत्र सुमारे 13 हेक्टर. किल्ल्यामागच्या पुलावरून नदी ओलांडली की मागच्या दाराने बागेत शिरता येते. जपानी बाग म्हटल्यावर शेवाळ, सावली आणि दाट झाडी डोळ्यांसमोर येते. इथे मात्र ऐसपैस हिरवळ, मोठे तळे, एक बुटकी टेकडी, चहाचा छोटा मळा आणि चक्क भाताची खाचरे आहेत, कारण सरंजामशाहीच्या काळात या जागेचा बराचसा भाग शेतीखालीच होता. एवढी मोकळीक ठेवल्यामुळेच तळ्यापलीकडे झाडांच्या शेंड्यांवर काळा मनोरा दिसत राहतो. जवळून सामान्य वाटलेली इमारत इथून देखणी दिसते. सिमेंट की लाकूड हा प्रश्न एवढ्या अंतरावरून उरत नाही.

बागेतले माझे सर्वांत आवडते ठिकाण र्युतेन हे विश्रामगृह. युद्धातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी ते एक आहे. खालचा मजला चारही बाजूंनी उघडा, आणि त्याच्या बरोबर मधून पाण्याचा पाट वाहतो. पाटात रंगछटा पाहून निवडलेले काही दगड बसवले आहेत. बूट काढून लाकडी फळीवर बसावे, पाणी दगडाशी येऊन दुभंगते आणि पुढे पुन्हा जुळते ते पाहावे. उन्हाळ्याच्या दुपारी इथला गारवा कुठल्याही वातानुकूलित उपाहारगृहापेक्षा सरस आहे, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

पुणेकरांना हे सगळे थोडे ओळखीचे वाटेल. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच बागेच्या धर्तीवर सुमारे दहा एकरांत उभारले आहे. पाण्याची चाल, पूल आणि हिरवळीचे चढउतार पुण्यात चांगले साधले आहेत. तिथे नाही ते नदीपलीकडचे दृश्य, आणि मूळ बागेची निम्मी रचना त्या दृश्यासाठीच आहे, हे ओकायामाला गेल्यावर ध्यानात येते.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी वाचकांनी सावध असावे. इथला अभिमानाचा पदार्थ बाराझुशी, म्हणजे भातावर मासे, भाज्या आणि अंडे यांची दाट पखरण. इकेदा मित्सुमासाने जेवणात एक सार आणि एकच तोंडीलावणे असा काटकसरीचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी सगळे भातातच मिसळून पळवाट काढली, असे सांगतात. खरे असो वा नसो, गोष्ट चविष्ट आहे. भाज्यांच्या साध्या सारातही माशांचा अर्क असतो, त्यामुळे विचारून घेतलेले बरे. चिकट तांदळाचे मऊ गोळे, किबिदांगो, मात्र निर्धोक आहेत आणि सोबत न्यायलाही सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये गेल्यास पांढरे पीच घ्यावेत; प्रत्येक फळ झाडावरच कागदी पिशवीत वाढवतात आणि दुकानात देवगड हापूसच्या तोऱ्यात पेटीत मांडतात, भावही तसाच चढा. एखादेच घेऊन तिथल्या तिथे खावे.

दुपारनंतर शहर काहीसे कमी पडते. ओमोतेचो ही झाकलेल्या छताची जुनी बाजारपेठ फिरायला चांगली असली, तरी स्थानकाजवळच्या मोठ्या मॉलने तिचे गिऱ्हाईक ओढल्याचे जाणवते. नदीवरच्या पीचच्या आकाराच्या भाड्याच्या नावा मुलांसाठी ठीक आहेत. प्राच्य कलावस्तूंचे संग्रहालय शिरोशिता थांब्याजवळच आहे आणि पाऊस लागला तर तिथे दोन तास सहज जातात.

दिवसाची आखणी करताना एक क्रम पाळावा. वसंतापासून सप्टेंबरअखेर बाग सकाळी साडेसातला उघडते आणि किल्ला नऊला. म्हणून आधी बाग, मग पूल ओलांडून किल्ला. दोन्हींचे एकत्र तिकीट मिळते आणि ते स्वस्त पडते. हे सगळे पाहूनही ज्यांना खरा लाकडी मनोराच हवा असेल, त्यांनी दुसऱ्या दिवशी हाकुबी मार्गाच्या गाडीने ताकाहाशीला जावे. सुमारे 430 मीटर उंचीवरचा बित्चू-मात्सुयामा किल्ला हा जपानमध्ये मूळ स्वरूपात उरलेल्या बारा मनोऱ्यांपैकी एक आहे. शेवटचा चढ पायीच चढावा लागतो, तेव्हा बूट चांगले हवेत.