सहकारी बँकेची वार्षिक सभा: पाचपैकी अडीच तारे

आमच्या सहकारी बँकेची (नाव कशाला?) वार्षिक सर्वसाधारण सभा यंदाही मंगल कार्यालयात झाली. पंखे चालू, अहवाल गुळगुळीत कागदावर, बटाटेवडा गरम. व्यवस्थेला पूर्ण गुण. विषयपत्रिका मात्र "मंजूर? मंजूर!" करत चहा उकळायच्या आत संपली.

पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, एवढंच मी विचारलं. "अहवालात आहे ताई, बघा ना." शेवटच्या पानांतल्या टिपांमध्ये होता खरा, मुंगीएवढ्या अक्षरांत.

हा प्रश्न उगाच नव्हता. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेत सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे होतं आणि ते लपवायला 21 हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली, असं तपासात पुढे आलं. तिथेही एक सभासद, एक मत असाच कारभार होता. कागदावर याहून लोकशाही काय असणार? पण शेजारच्या काकांना संचालक म्हणून निवडून दिलं की त्यांना हिशेब विचारायची लाज वाटते, हे माझं निरीक्षण.

खासगी बँकेचेही थोडे शेअर आहेत माझ्याकडे. तिथे मतदान मोबाइलवर, वडा नाही. जितके शेअर तितकी मतं, म्हणजे माझं मत दर्या में खसखस. स्वतंत्र संचालक, जोखीम समिती, सगळा थाट असतो. येस बँकेतही होता, तरी 5 मार्च 2020 ला पैसे काढण्यावर 50 हजारांची मर्यादा आलीच.

फरक पडला तो त्यानंतर. येस बँकेत स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल ओतलं आणि निर्बंध 18 मार्चला उठले. पीएमसीच्या ठेवीदारांना सप्टेंबर 2019 मध्ये आधी फक्त हजार रुपये काढता येत होते. युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण व्हायला जानेवारी 2022 उजाडला, आणि ठेव विम्याच्या 5 लाखांवरची रक्कम पुढे वर्षानुवर्षांच्या हप्त्यांवर गेली. झोपले दोन्हीकडचे संचालक. पण सहकारी बँकेत कितीही शेअर घेतले तरी मत एकच, म्हणून बाहेरून भांडवल आणणारा मोठा भागधारक सहजी मिळत नाही.

अडीच तारे, त्यातला एक वड्याचा. खातं ठेवलंय, पण मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांच्या विमा मर्यादेच्या आत. पुढच्या सभेला जाणार असाल तर भिंग न्या.