गोठ्यावर येऊन क्यू फीवर तपासणी, इंदूर : हात चांगला, पॅकेज तोकडं

इंदूर-महू पट्ट्यात शेळी किंवा गाय गाभडली की बहुतेक जण ब्रुसेला (जनावरं गाभडवणारा एक जंतू) तपासून थांबतात. या खासगी लॅबने सोबत क्यू फीवरची, म्हणजे जनावरांतून माणसालाही लागणाऱ्या अशाच एका जंतूच्या रोगाची, एलिसा (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी चाचणी) ठेवलीय, हे बरं झालं. रक्त घेणाऱ्यांचा हात चांगला. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ४-५ मिली घेतात, सावलीत गोठू देतात आणि सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) वेगळं केल्यावरच आइस बॉक्समध्ये ठेवतात. न गोठलेलं रक्त थेट बर्फाला लागलं की पेशी फुटून सीरम लाल होतं आणि नमुना वाया जातो.

खटकतं ते ‘कळप पॅकेज’. त्यात फक्त ५ नमुने. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण भात सगळा सारखा शिजतो, कळप नाही. मोठ्या कळपात १० टक्के जनावरांना लागण असेल, तर कसलाही निकष न लावता निवडलेले पाचही निगेटिव्ह येण्याची शक्यता ५९ टक्के. १० घेतले तरी ३५. किमान एक तरी सापडेल अशी ९५ टक्के खात्री हवी तर २९ नमुने लागतात. तरीही पाच निगेटिव्ह आले की लॅब रिपोर्टवर छापते : ‘कळप रोगमुक्त’! नमुने कमीच द्यायचे असतील तर गाभडलेली जनावरं आधी धरायला सांगा. दुधाळ कळपाला एकत्र दुधाची एलिसा स्वस्तात पडते; ती इथे होते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

रिपोर्टवर एस/पी आकडा (किटमधल्या पॉझिटिव्ह नमुन्याच्या तुलनेत आपला नमुना किती टक्के) मागून घ्या. यांच्या किटमध्ये ४० व त्यावर पॉझिटिव्ह, ३० ते ४० संशयित; नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वरून काठावरचं जनावर ओळखता येत नाही. शिवाय अँटीबॉडी म्हणजे पूर्वी लागण झाली होती, एवढंच. जंतू आज बाहेर पडतोय का, हे पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) सांगतं, आणि एलिसात निगेटिव्ह आलेली शेळीही जंतू सोडू शकते. पॉझिटिव्ह दिसली म्हणून लगेच विकायला काढू नका.

पीसीआरसाठी योनीचा स्वॅब गाभडल्यापासून आठ दिवसांच्या आत घ्यावा. इथे एकाच ग्लोव्हजने तीन-तीन शेळ्यांचे स्वॅब घेतात. वारेच्या (जाराच्या) एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. एवढ्याशा स्पर्शानेही पुढचा नमुना खोटा पॉझिटिव्ह येतो. दर जनावराला नवे ग्लोव्हज आणि तोंडाला एन-९५, असा आग्रह धरा. जंतू धुळीतून वाऱ्यावर जातो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० दरम्यान चार हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यात गोठ्यात कधी पाऊल न टाकलेलेही बरेच होते.

माणसांची तपासणी ही लॅब करत नाही, आणि ते योग्यच. घरात ताप असेल तर फिजिशियनला गोठ्यातलं गाभडणं आधी सांगा. ३ ते ६ आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन सीरममध्ये अँटीबॉडी चौपट वाढल्या तर निदान पक्कं. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाच्या हृदयाच्या झडपेचा त्रास असेल, तर हे सांगायला उशीर करू नका.