घरच्या डेस्कटॉपवर गाणे रेकॉर्ड करण्यासाठी विंडोज की लिनक्स?

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला विलंब फार लवकर खटकतो, कारण तोच आवाज हाडांतून कानापर्यंत आधीच पोहोचलेला असतो आणि मागाहून आलेला दुसरा त्यात मिसळला की स्वर पोकळ भासू लागतो. ४८,००० हर्ट्‌झला १२८ सॅम्पल्सचा (आवाजाच्या नमुन्यांचा) बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सुमारे २.७ मिलिसेकंदांचा असतो, तो आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा मोजावा लागतो, शिवाय यूएसबीचा आणि आवाजाचे आकड्यांत व आकड्यांचे परत आवाजात रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. या बाबतीत विंडोजवरील एएसआयओ आणि लिनक्सवरील पाइपवायर या आवाज हाताळणाऱ्या व्यवस्थांत माझ्या कानाला फारसा फरक जाणवला नाही. ६४ सॅम्पल्सपर्यंत उतरणे तर विंडोजवरच अधिक सोपे गेले.

स्टाइनबर्गने १९९७ साली आणलेली एएसआयओ ही पद्धत विंडोजचा नेहमीचा मिक्सर बाजूला सारून थेट उपकरणाशी बोलते, आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती. तानपुरा ब्राउझरमध्ये वाजवून रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये गायचे म्हटले, की रीपर उघडताच ब्राउझर मुका होई. सगळेच ड्रायव्हर असे वागत नाहीत, हे खरे. माझ्या इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) मात्र वागत असे. एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारे आभासी केबलचे सॉफ्टवेअर मध्ये घातले तर तानपुरा ऐकू येई, पण मग कधी आवाज तुटे, कधी सॅम्पल रेट जुळत नसे, आणि रियाजाचा वेळ सेटिंग्ज चाळण्यात जाई.

पाइपवायरमध्ये ब्राउझर आणि रीपर एकाच उपकरणावर एकत्र नांदतात, आणि तानपुऱ्याची जोडणी माउसने ओढून हव्या त्या ट्रॅकला देता येते. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप हा पाइपवायरवर नजर ठेवणारा प्रोग्राम उघडा ठेवला, तर ‘ईआरआर’ या रकान्यातला आकडा कोणत्या प्रोग्रामच्या ओळीत वाढला, यावरून आवाज कुठे तुटला याचा माग लागतो. कामे ठरल्या वेळेत होण्यासाठीचा रिअल-टाइम पॅच २०२४ मध्ये ६.१२ या मूळ कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आला असला, तरी १२८ सॅम्पल्सवर मला साध्या कर्नेलनेही भागले.

अर्थात, विंडोजपुरतेच बनवलेले विकतचे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला जोडायचे छोटे प्रोग्राम) ज्यांच्या कामाचा आधार आहेत, त्यांनी लिनक्सच्या वाटेला न गेलेले बरे. इतरांनी आपला इंटरफेस क्लास-कम्प्लायंट, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरविना चालणारा, आहे ना, एवढे पाहून लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करावे आणि ब्राउझरमधल्या तानपुऱ्यासह एक बंदिश रेकॉर्ड करून पाहावी. त्यासाठी विंडोज काढून टाकावे लागत नाही.