छर्ऱ्यांचा डबा घेताना मागची बाजू बघा

मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते आणि मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अचूक मापाचे सुटे भाग बनवणाऱ्या विभागात आहे. त्यामुळे ठाण्यातल्या रेंजवरचे पालक डबा घ्यायच्या आधी मला विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सध्या तिच्या रायफलला आरडब्ल्यूएस कंपनीचे आर-१० मॅच छर्रे लागतात, ०.५३ ग्रॅमचे, हेड (म्हणजे डोक्याचा व्यास) ४.५० मिलिमीटर. फार सुंदर माल आहे. मिलिग्रॅमच्या काट्यावर एकेक ठेवत गेलो तरी वजन जागचं हलत नाही आणि भिंगाखाली स्कर्टची, म्हणजे छर्ऱ्याच्या मागच्या पोकळ, पसरट भागाची कडा सगळीकडून सारखी दिसते. एच अँड एन कंपनीचे फिनाले मॅचही तितकेच नेटके आहेत, फक्त तिच्या बॅरलमधून त्यांचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका) किंचित पसरतो. तिच्या मैत्रिणीच्या रायफलला नेमकं उलटं आहे. त्यामुळे 'सगळ्यात चांगला छर्रा कोणता' याचं उत्तर दुकानदाराकडे नाही, तुमच्या बॅरलकडे आहे.

डबा उघडला की बहुतेक जण सपाट तोंड बघतात. ते महत्त्वाचं आहेच. कागदावर स्वच्छ गोल भोक त्यामुळेच पडतं. पण नेम बिघडतो तो मागच्या बाजूने. छर्रा बॅरलमधून सुटताना स्कर्ट सगळ्यात शेवटी बाहेर येतो. तो एका अंगाला चेपलेला असेल तर हवा तिथून आधी निसटते आणि छर्ऱ्याला तिरका धक्का बसतो. मोठ्या रायफलच्या गोळीतही हेच आहे. साध्या फुल मेटल जॅकेट गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच टोकाकडून चढवतात, त्यामुळे बूड उघडं राहून शिसं दिसतं. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या गोळ्यांत कवच उलट्या बाजूने, बूड बंद आणि टोकाला बारीक छिद्र, कारण बूड अचूक हवं. आपल्या छर्ऱ्याला कवच लागत नाही. तो सेकंदाला साधारण १७० मीटरने जातो, तेवढ्याला नरम शिसं बॅरलच्या आट्या (छर्ऱ्याला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा) नीट पकडतं.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त डबे मुलांच्या हातात देऊ नका. असा एक डबा तपासला तर स्कर्ट लंबगोल आणि कडेला शिशाची कुसळं. रेंजवरचा एक मुलगा तेच मारत होता आणि आपलाच हात हलतो असं धरून बसला होता. मला फार वाईट वाटलं. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा, डेसिमल म्हणजे दशांशातल्या स्कोअरमध्ये प्रत्येक ०.१ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. एवढ्या बारीक हिशोबात छर्ऱ्याने दगा दिला तर पोराने काय करायचं?

नवशिक्यांसाठी आर-१० ची घाई नको. पहिल्या वर्षी आरडब्ल्यूएसचे मायस्टरकुगेल्न पुरेसे आहेत. स्कोअर स्थिर झाला की ४.४९ आणि ४.५० हेडचे डबे दोन-तीन पालकांनी मिळून आणा, सरांना विचारून रायफल लाकडी जबड्यांच्या वाइसमध्ये (शिकंज्यात) धरा आणि प्रत्येकाचे ग्रुप पाडून बघा. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ९.५ मिलिमीटरच्या वर गेलेला ग्रुप वाइसमध्येही सगळे दहा देणार नाही. मी ७ च्या आसपास आला तरच घेतो. जो जमेल त्याच बॅचचे, स्पर्धेच्या मोसमाला पुरतील एवढे डबे एकदम घ्या. नंबर डब्यावर छापलेला असतो.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने शिशावर पांढरी भुकटी धरते. झाकण घट्ट लावा, आत सिलिकाची पुडी टाका. डबा लोकलच्या गर्दीत बॅगेच्या तळाशी नको, आदळून स्कर्ट चेपतात. वर फोमचा तुकडा ठेवा. आणि सराव झाल्यावर डब्याला हात लावण्याआधी मुलांना साबणाने हात धुवायला लावा. म्हणजे जेवणाच्या डब्याला. शिसं पोटात जाता कामा नये.