शिपवर लावतो म्हणून साडेतीन लाख घेतले, आणि कागदावर मी समुद्रात गेलोच नाही

सध्या देवगड, विजयदुर्ग, मालवण पट्ट्यात कोणाच्या घरी मर्चंट नेव्हीचा एजंट येऊन बसत असेल तर आधी हे वाचा, मग त्याला चहा द्या. लांबलचक झालंय पण सगळं सांगितल्याशिवाय यांची पद्धत कळत नाही.

पहिलं काय ते सांगून टाकतो, कारण पुढचं नाही वाचलं तरी चालेल. शिपवर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं हेच मुळात बेकायदा आहे. कमी घेतले तर चालतात, पावती दिली तर चालतात, जॉइनिंग झाल्यावर घेतले तर चालतात असं काही नाही. एमएलसी म्हणून खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे २००६ चा, भारताने २०१५ मध्ये तो मान्य केला, त्यात सरळ लिहिलंय की खलाशाने स्वतःच्या खिशातून फक्त मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट यांचा खर्च करायचा. व्हिसाचासुद्धा नाही, तो जहाजमालकाने द्यायचा. आणि आमच्याकडे तर लोक एकमेकांना रेट विचारतात, "तुझ्या झिलाक कितीत लावल्यान?" म्हणजे लाच द्यायचीच आहे, फक्त स्वस्तात कोण घेतो तेवढं बघायचं.

आता असं का होतं ते पण ऐका. दहावी-बारावी झाली की सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साधा खलाशी व्हायचा, कोर्स करतात पोरं, मी पण केला, मान्यताप्राप्त इन्स्टिट्यूटमधून, सीडीसी खरी, इंडोस नंबर (सरकारी नोंदीतला खलाशाचा नंबर) खरा, सगळं रीतसर. पण कोर्स पास झाला म्हणजे शिप मिळत नाही. इन्स्टिट्यूटवाले ॲडमिशनच्या वेळी प्लेसमेंट प्लेसमेंट करतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. कंपन्यांना एक्सपिरियन्सवाला पाहिजे आणि पहिली शिप कोणी देत नाही. मग पोरगा घरी येतो, कोणाच्या तरी ट्रॉलरवर जातो नाहीतर कलमांत फवारणीला जातो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तर नुसता बसून. आमच्याकडे एजंट बरोबर त्याच दोन महिन्यांत फिरतात, आंब्याचे पैसे पण तेव्हा घरात आलेले असतात ना.

आमच्याकडे आलेला माणूस परका नव्हता. आईच्या माहेरकडच्या गावचा, लग्नकार्यात भेटणारा, त्याने आधी दोघातिघांना खरंच लावलं होतं म्हणतात. बाबांना म्हणाला, "काकानू, झिलाचा आयुष्य मार्गाक लागला समजा." महिना सहाशे डॉलर, ओएस म्हणजे साधा खलाशी म्हणून, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, टँकर. साडेतीन लाख. आईचे दागिने पतसंस्थेत ठेवले आणि बाकी आंब्याचे.

आम्ही डोळे झाकून पैसे दिले नाहीत. नवी मुंबईला त्याच्या ऑफिसात बाबा आणि मी दोघं गेलो. एसी ऑफिस, रिसेप्शनला मुलगी, भिंतीवर फ्रेम करून आरपीएसएलचं सर्टिफिकेट. आरपीएसएल म्हणजे खलाशी भरती करायचं लायसन, डीजी शिपिंग म्हणजे केंद्र सरकारचं जहाज खातं ते देतं, पाच वर्षांसाठी असतं, ते नसेल तर कोणालाही शिपवर पाठवता येत नाही. तर ते सर्टिफिकेट खरंच होतं, पण दुसऱ्या कंपनीचं. नावात एका शब्दाचा फरक, मधे एक "मरीन" जास्त. पत्ता वेगळा. डीजी शिपिंगच्या साइटवर चालू लायसनवाल्या कंपन्यांची यादी असते, त्यात पूर्ण नाव, नंबर, पत्ता, फोन सगळं असतं, तर भिंतीवरचं बघून उपयोग नाही, यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं आणि यादीत जो फोन दिलाय त्यावर स्वतः फोन करून विचारायचं की हा माणूस तुमचा आहे का. एजंटने दिलेल्या नंबरवर फोन करून विचारणं म्हणजे चोरालाच विचारणं.

पैसे कसे घेतले ते पण बघा. लाखभर रोख, त्याची काहीच नोंद नाही. बाकीचे यूपीआयने, पण कंपनीच्या खात्यावर नाही, चार वेगळ्या माणसांच्या नावावर थोडे थोडे, एकीचं नाव तर कोणा बाईचं, ती कोण ते आजपर्यंत माहीत नाही. आणि पावती मागितली तेव्हा दिली बरं का, अगदी शिक्का मारून, पण त्यावर लिहिलं "करिअर काउन्सेलिंग व ट्रेनिंग फी". नोकरीचा शब्द कुठे नाही. उद्या केस झाली तर तो म्हणणार मी याला काउन्सेलिंग दिलं, यानेच घेतलं. आणि तसंच म्हणाला पुढे पोलीस स्टेशनला, त्याच शब्दांत.

मग जॉइनिंग. तिकीट आलं ते दुबईचं, व्हिसा व्हिजिटचा. मी विचारलं व्हिजिट का, तर म्हणे तिकडे सगळे असेच जातात, एअरपोर्टवर कोणी विचारलं तर फिरायला चाललो सांग, सीडीसी बॅगेत खाली ठेव. हे वाक्य लक्षात ठेवा सगळ्यांनी. रीतसर जाणारा खलाशी सीडीसी आणि कंपनीचं लेटर दाखवून जातो, त्याला लपवायला काही नसतं. ज्या क्षणी तुम्हाला इमिग्रेशनला खोटं बोलायला सांगतात त्या क्षणी तुम्ही कागदावर खलाशी उरत नाही, टुरिस्ट होता, आणि मग खलाशाचे हक्क मागणं अवघड होतं. सगळा डाव इथे आहे.

शारजाला एका खोलीत आम्हा पोरांना कोंबलं, बिहारची, यूपीची, दोन रत्नागिरीची. जेवणाचे पैसे आपापले. पासपोर्ट आणि सीडीसी "पेपरवर्क"साठी तिकडच्या माणसाने घेतले. मग एका रात्री लाँचने बाहेर अँकरेजला, म्हणजे समुद्रात जहाजं नांगरतात तिथे, नेलं आणि लाँचमध्ये कॉन्ट्रॅक्ट सही करायला दिलं, लाटांमध्ये, मोबाईलच्या उजेडात. सहाशेचे चारशे झाले होते. मालकाच्या नावाच्या जागी फक्त सही, खाली नाव नाही. कायद्याने हे कॉन्ट्रॅक्ट, त्याला सी म्हणतात, सीफेअरर्स एम्प्लॉयमेंट ॲग्रीमेंट, ते सही करायच्या आधी वाचायला वेळ द्यावा लागतो, कोणाला दाखवून सल्ला घ्यायची मुभा द्यावी लागते आणि सही झालेली एक मूळ प्रत खलाशाकडे राहिली पाहिजे. मला प्रत मिळाली नाही. एका पोराने सही करायला नाही म्हटलं, तर लाँचवाला म्हणाला पोहत जा परत.

शिप म्हणजे छोटा जुना टँकर. मागच्या बाजूला जुनं नाव खरवडून त्यावर नवीन रंगवलेलं, खालचं अजून वाचता येत होतं. जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण आयएमओ नंबर बदलत नाही, सात आकडी असतो. इक्वासिस म्हणून फुकट वेबसाइट आहे, तिथे तो नंबर टाकला की जहाज किती साली बांधलं, मालक कोण, झेंडा कुठला, पकडलं होतं का आधी, सगळं येतं. एजंटकडे घरातून निघायच्या आधी हा नंबर मागायचा. "शिपचं नाव तिकडे गेल्यावर कळेल" असं म्हणाला की उठायचं तिथून. एक अजून, कोणी लाकडी धाऊवर चढवत असेल तर तो एमएलसी करारच लागू होत नाही, पारंपरिक पद्धतीच्या बोटी त्यातून वगळल्यात, म्हणजे तिकडे तर तुम्हाला कोणी विचारणारा पण नाही.

काम काय सांगू. चोवीस तासांत दहा तास विश्रांती पाहिजे आणि आठवड्यात सत्त्याहत्तर, असा नियम आहे, आणि आमच्याकडून विश्रांतीच्या तक्त्यावर आधीच सह्या घेऊन ठेवल्या होत्या, महिना संपायच्या आधी महिन्याभराच्या. झोप मिळाली तर मिळाली. पिण्याचं पाणी मोजून. पहिला महिना गेला, पगार नाही, कॅप्टन म्हणतो ऑफिसला विचार, ऑफिस म्हणजे एजंट, एजंट म्हणतो कॅप्टनला विचार. दुसरा गेला. तिसऱ्यात घरी हप्त्यासाठी पतसंस्थेची माणसं यायला लागली.

आमच्यातल्या एका पोराचा मावसभाऊ चांगल्या कंपनीत थर्ड ऑफिसर, त्याने व्हॉट्सॲपवर सांगितलं ते कामाला आलं. दोन महिने पगार थकला तर कायद्याच्या भाषेत मालकाने खलाशाला सोडून दिलं असं धरतात, आणि अशा वेळेसाठी मालकाने इन्शुरन्स काढलेला असावा लागतो, त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवण आणि घरी परतायचं तिकीट मिळतं. हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. त्या इन्शुरन्सचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. आम्ही जाऊन बघितलं तर मेसरूमच्या दाराजवळ होतं खरं, मुदत संपलेलं. तरी फोटो काढून आयटीएफला म्हणजे खलाशांच्या आंतरराष्ट्रीय युनियनला ईमेल केला, आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर घरच्यांनी तक्रार टाकली, वकिलातीला पण मेल. कशाचा परिणाम झाला मला माहीत नाही, पण मालकाचा सूर बदलला आणि आम्हा भारतीय पोरांना उतरवलं. तिकीट दिलं, एका महिन्याचा पगार दिला, बाकीचा "इंडियात एजंट देईल". सीडीसी परत मिळाली हे नशीब.

मला वाटलं चला, पैसे गेले पण अनुभव तर मिळाला, आता दुसरी कंपनी घेईल. तर तिथेच खरा खड्डा होता आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. डीजी शिपिंगच्या साइटवर आपल्या इंडोस नंबरची प्रोफाइल उघडली की लायसनवाल्या कंपनीने भरलेली सर्व्हिस दिसते. माझी कोरी. सीडीसीत साइन ऑनचा, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याचा, शिक्का आहे, पण तो जहाजावर मारलेला, इकडे कोणी नोंदच केली नाही. एका चांगल्या कंपनीत इंटरव्ह्यू पर्यंत गेलो, त्यांनी प्रोफाइल बघितली आणि म्हणाले ही सर्व्हिस आम्ही धरू शकत नाही. वॉचकीपिंगच्या (जहाजावर पाळीने पहारा द्यायच्या) सर्टिफिकेटला सी टाइम, म्हणजे नोंद झालेला समुद्रावरचा काळ, लागतो, तो माझा शून्य. म्हणजे साडेतीन लाख देऊन, ढोरासारखं राबून, परत फ्रेशरच.

एजंटकडे गेलो तर म्हणतो "तूच अर्ध्यात उतरलास, कॉन्ट्रॅक्ट तू तोडलंस, दंड भरायला लागला आम्हाला." आईने त्याला फोन लावला, "पयसे परत गावतले काय नाय तेवढा सांग," तर काकी काकी करत होता तो माणूस फोन ठेवून मोकळा. आणि गावात आम्हालाच ऐकवतात, एवढे शिकलेले असून कसे फसलात म्हणून. शिकलेल्यालाच फसवतात हो, न शिकलेल्याकडे सीडीसी असते कुठे.

पोलीस स्टेशनला आधी म्हणाले हे पैशांचं प्रकरण, सिव्हिल आहे, कोर्टात जा. हे सगळ्यांना सांगतात, उठू नका. नोकरीचं खोटं आमिष दाखवून पैसे घेणं म्हणजे फसवणूक, जुन्या ४२० च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आणि "मुंबईत घडलं, तिकडे जा" म्हटलं तर झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावती, त्याचे व्हॉइस मेसेज सगळं जोडलं, डीजी शिपिंगला वेगळा ईमेल केला की ही कंपनी लायसनशिवाय भरती करतेय. त्यांचं उत्तर आलं की या नावाला लायसन नाही, आणि तो एक कागद पोलिसांना दाखवल्यावर मग गुन्हा दाखल झाला. म्हणून माझं म्हणणं, ते उत्तर आधी मिळवा आणि मग पोलिसांकडे जा.

थकलेल्या पगाराचं वेगळं आहे. खलाशाच्या पगाराचा बोजा जहाजावरच असतो, मालक बदलला तरी सुटत नाही, आपल्याकडे २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आहे, जहाज ज्या बंदरात लागेल तिथलं हायकोर्ट ते अडकवून ठेवू शकतं. पण ते जहाज भारताच्या हद्दीत यायला हवं आणि पगार थकल्यापासून दोन वर्षांच्या आत अडकवायला हवं. आमचं ते डबडं इकडे कशाला येतंय. तरी वकिलांनी आयएमओ नंबर लिहून घेतलाय, कधी कांडल्याला वगैरे लागलं तर.

लायसनवाली कंपनी असती तर फरक काय पडला असता असं एकाने विचारलं. पडला असता, कारण मालकाने हात वर केले तरी पोराला परत आणायची जबाबदारी तिच्यावर असते, नाही आणलं तर लायसन जातं, म्हणून ती घाबरते. याला कशाचं जाणार होतं?

सध्या गुन्हा दाखल आहे, चार्जशीट व्हायची आहे, तो जामिनावर आहे आणि ऐकलं की दुसऱ्या नावाने दुसरं ऑफिस उघडलंय, सर्टिफिकेटची फ्रेम तीच असेल. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या कोणी अशा "काउन्सेलिंग फी"च्या पावतीवर पैसे दिलेत त्यांनी पावती आणि यूपीआयचे रेकॉर्ड डिलीट करू नका, फोन बदलला तरी चॅटचा बॅकअप ठेवा. रोख दिले असतील तर त्या वेळी कोण हजर होतं त्याचं नाव लिहून ठेवा. तक्रारदार जास्त झाले की रक्कम वाढते आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकतो असं वकील म्हणतात. रत्नागिरीची ती दोन पोरं आलीत आमच्याबरोबर, बाकीचे अजून त्याच्या "पुढच्या महिन्यात नक्की जॉइनिंग" वर थांबलेत.