मोंटिलिवीवर जिरोनाचा सामना: तिकीट, आसन, गाडी आणि एका शर्यतीचा हिशेब

स्पेनमध्ये फुटबॉलचा एकच सामना पाहता येणार असेल, तर तो माद्रिद किंवा बार्सिलोनाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये न पाहता जिरोनाच्या मोंटिलिवीवर पाहावा. बार्सिलोनापासून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवरचं हे मैदान १९७० सालचं आहे. २०२३-२४ च्या हंगामात त्याची क्षमता होती १४,६२४. एवढ्याशा जागेतून एक क्लब स्पेनच्या विजेतेपदाच्या शर्यतीत अर्धा हंगाम रेआल माद्रिदच्या खांद्याला खांदा लावून धावला. त्यात या मैदानाचा वाटा किती, ते गुणतक्ता उलगडला की दिसतं.

आधी नाव नीट घेऊ. इथल्या कातालान भाषेत उच्चार ‘जिरोना’ होतो, ‘गिरोना’ नाही. ‘हेरोना’ हे स्पॅनिश रूप, आणि गावातल्या लोकांना ते फारसं रुचत नाही. संघाचे रंग लाल-पांढरे, क्लबची स्थापना १९३० ची. स्पेनच्या लीगच्या पहिल्या विभागात तो पहिल्यांदा पोचला २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल ८७ वर्षांनी. २०१९ मध्ये खाली घसरला, पुढे दोन वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे वर जाण्यासाठीच्या शेवटच्या लढतींत, हरला आणि २०२२ मध्ये परत वर आला. २०२३-२४ चे प्रशिक्षक मिचेल हे मूळचे माद्रिदच्या वायेकास भागातले. तरी ते कातालान शिकले आणि पत्रकार परिषदांत ती बोलू लागले. गावाने त्यांना आपलं मानलं त्यात याचाही भाग आहे.

आता हिशेब. २०२३-२४ मध्ये १९ सामन्यांनंतर जिरोनाचे गुण ४८ आणि रेआल माद्रिदचेही ४८. शेवटी माद्रिद ९५, बार्सिलोना ८५, जिरोना ८१. म्हणजे पहिल्या निम्म्यात ४८ आणि दुसऱ्या निम्म्यात ३३. ‘लहान संघाची दमछाक झाली’ एवढंच म्हणून बहुतेक जण थांबतात, पण घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढून पाहा. मोंटिलिवीवर १९ पैकी १५ विजय, २ बरोबरी, २ पराभव. बाहेर १० विजय, ४ बरोबरी, ५ पराभव. बाहेरचे हे पाचही पराभव ओळीने आले: १० फेब्रुवारीला माद्रिदमध्ये रेआलकडून ०-४, मग आथलेतिक बिल्बाओ, मायोर्का, हेताफे आणि १३ एप्रिलला आतलेतिको माद्रिद. याच काळात घरी रायो वायेकानो, ओसासुना आणि बेतिस असे तिन्ही सामने जिंकले. शर्यत निसटली ती बाहेरच्या मैदानांवर.

कारणंही स्पष्ट आहेत. जिरोना चेंडू मागून, छोट्या पासांनी वर आणतो. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, मिगेल गुतिएर्रेस कडेला न थांबता आत मधल्या फळीत सरकायचा, उजवीकडून यान कोतो थेट विंगपर्यंत वर जायचा, डावी कड पूर्ण मोकळी साविन्योसाठी आणि मधोमध आलेश गार्सिया चेंडूचा ताबा ठेवून लय ठरवायचा. ही रचना साधली की समोरचा संघ सगळीकडून ताणला जातो आणि गोलसमोरच्या बॉक्समध्ये आर्तेम दोव्हबिकला जागा मिळते. त्याने २४ गोल करून स्पेनचा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. पण यात एक माणूस गळला तरी साखळी तुटते. माद्रिदमधल्या त्या सामन्यात बचावपटू डेली ब्लिंड आणि मधल्या फळीतला यांगेल एरेरा दोघेही निलंबित होते, आणि मिचेलनाही बाकावर बसायला बंदी होती. माद्रिदच्या बाकावर त्याच तोडीचा दुसरा खेळाडू बसलेला असतो. जिरोनाच्या बाकावर नसतो. ला लीगाने, म्हणजे स्पेनच्या लीगने, घालून दिलेली जिरोनाची खर्चमर्यादा त्या हंगामात माद्रिदच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा संघ अगदीच निराधार नव्हता. सिटी फुटबॉल ग्रुपची यात मोठी भागीदारी, म्हणजे घरोबा थेट मँचेस्टर सिटीशी. साविन्यो ग्रुपच्याच फ्रान्समधल्या त्र्वा क्लबकडून उसना आलेला, कोतो मँचेस्टर सिटीकडून. आपल्याकडच्या वाचकांना हा ग्रुप ठाऊक आहे, कारण २०१९ मध्ये त्याने मुंबई सिटी एफसीतला मोठा हिस्सा घेतला होता. त्यामुळे ‘गरिबाचं पोर’ ही प्रतिमा जशीच्या तशी चालणार नाही. तरीही १४ हजारांचं मैदान, लाखभर वस्तीचं गाव आणि समोर माद्रिद-बार्सिलोना हे चित्र खरं आहे. स्पेनमध्ये आजवर फक्त नऊ क्लबांनी लीग जिंकली आहे आणि २००५ पासून तर रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि आतलेतिको माद्रिद सोडून कुणीच नाही. अशा लीगमध्ये जानेवारीपर्यंत बरोबरीत राहणाऱ्याची बाजू घ्यावी, असं मनापासून वाटतं.

मैदानाकडे वळू. चार बाजूंची नावं कातालानमध्ये आहेत: त्रिबुना, तिच्या समोर प्रेफेरेन, आणि दोन्ही गोलांमागे गोल नोर्द आणि गोल सूद, म्हणजे उत्तर आणि दक्षिण. छत त्रिबुनाला आहे. संघ पहिल्या विभागात गेल्यावर क्षमता वाढवायची म्हणून बरीच आसनं लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर चढवली आहेत. गोल झाला आणि सगळे एकदम उठले की हा सांगाडा पायाखाली घुमतो. पहिल्यांदा बसणाऱ्याने दचकू नये.

मिचेलच्या काळातल्या जिरोनासारखा खेळ समजून घ्यायचा असेल, तर प्रेफेरेनमधली वरच्या रांगेची, मध्यरेषेच्या आसपासची जागा घ्या. लेफ्ट बॅक आत कधी येतो, विंगर कडेला किती ताणून उभा राहतो, हे टीव्हीच्या चौकटीत मावत नाही, इथून सगळं एका नजरेत येतं. खालच्या चार-पाच रांगा टाळा. खेळाडू अगदी जवळ दिसतात, पण पलीकडची बाजू कळत नाही. आवाज, गाणी, उभं राहून ओरडणं हवं असेल तर गोलमागची जागा योग्य, पण तिथे लहान मुलांना नेलं तर त्यांना समोरच्यांच्या पाठीच दिसतील. उघड्या स्टँडमध्ये पावसात छत्री उघडता येत नाही, मागचे लोक ओरडतात. घडी होणारा रेनकोट ठेवा. जानेवारीत रात्री ९ च्या सामन्याला थंडी बोचते आणि लोखंडी फळीवर पाय गारठतात, म्हणून जाड मोजे विसरू नका.

तिकिटांत घोडं अडतं ते असं: मैदान लहान, आणि बरीचशी आसनं हंगामी सभासदांकडे. उरतात ती क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर विकली जातात. बार्सिलोना, माद्रिद आले की किमती चढतात आणि जागा काही वेळातच संपतात. पुनर्विक्रीच्या वेबसाइटवरून घेतलेलं तिकीट गेटवर चालेलच असं नाही, त्या वाटेला जाऊ नका. तिकीट मोबाइलवर येतं. ते आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण गेटपाशी गर्दीत नेटवर्क रखडतं. पासपोर्ट जवळ असू द्या आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळतंय ना ते पाहा. तिकिटावरचे तीन शब्द लक्षात ठेवले की कुणाला विचारावं लागत नाही: ‘पोर्ता’ म्हणजे गेट, ‘फिला’ म्हणजे रांग, ‘सियेन’ म्हणजे आसन. पाहुण्या संघाचा शर्ट घालून यजमानांच्या स्टँडमध्ये शिरू नका, दारातच अडवलं जाऊ शकतं.

सर्वांत जास्त फसगत तारखेत होते. वेळापत्रक जाहीर होतं तेव्हा फक्त आठवडा ठरलेला असतो. सामना शुक्रवारी, शनिवारी, रविवारी की सोमवारी आणि किती वाजता, हे फक्त काही आठवडे आधी निश्चित होतं. तोवर परतावा न मिळणारं रेल्वेचं किंवा हॉटेलचं बुकिंग करू नका. भारतातून निघणाऱ्याने विमानाच्या तारखा अशा ठेवाव्यात की शुक्रवार ते सोमवार हे चारही दिवस कातालोनियात, म्हणजे जिरोना-बार्सिलोनाच्या प्रदेशात, असतील.

बार्सिलोनाच्या सांत्स स्थानकाहून जलद गाडीने जिरोना सुमारे ४० मिनिटांवर आहे. साधी प्रादेशिक गाडी सव्वा ते दीड तास घेते, पण स्वस्त पडते आणि बार्सिलोनाच्या मध्यातल्या पासेच दे ग्रासिया स्थानकालाही थांबते. दोन्ही गाड्या जिरोनात एकाच स्थानकात येतात, जलद गाडीचे फलाट जमिनीखाली. स्थानकापासून मैदान पायी अर्ध्या तासाच्या आसपास, विद्यापीठाच्या मोंटिलिवी परिसराला लागून. सामन्याच्या दिवशी लाल-पांढरे गळपट्टे दिसतील त्यांच्या मागे चालत राहिलं की चुकायला होत नाही. खरी अडचण परतीची. रात्री ९ चा सामना संपून बाहेर पडेपर्यंत ११ वाजतात. त्यानंतर बार्सिलोनाची गाडी मिळेल असं गृहीत धरू नका, जिरोनातच मुक्काम करा. दुपारी २ किंवा सव्वाचारचा सामना असेल तर त्याच दिवशी आरामात परतता येतं.

खाण्याच्या बाबतीत मैदान साधंच आहे आणि तक्रारीला जागा ठेवतं. स्पेनच्या कायद्यामुळे प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये मद्य मिळत नाही, बिअर म्हणून मिळते ती बिनअल्कोहोलची. स्थानिक लोक मध्यंतरासाठी घरून फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच आणतात आणि सूर्यफुलाच्या बिया चघळत बसतात. तेच करावं. शाकाहारी माणसाने गावातच जेवून निघावं: टोमॅटो चोळलेला पाव, चीज आणि, अंडं चालत असेल तर, बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव. गोडात ‘शुशु’ चुकवू नका. क्रीम भरून तळलेली आणि साखरेत घोळवलेली ही लांबट करंजी जिरोनाचीच. ओन्यार नदीकाठच्या जुन्या गावात ती खाऊन, १८७७ साली आयफेलच्या कंपनीने बांधलेला लाल लोखंडी पूल ओलांडून, मग मैदानाकडे निघायचं. पाण्याची बाटली आत नेलीत तर झाकण काढून घेतात. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवलेली बरी.

घरी बसून साथ द्यायची असेल तर वेळा पाठ करा. स्पेनमधले नेहमीचे शनिवार-रविवारचे सामने दुपारी २, सव्वाचार, साडेसहा आणि रात्री ९ ला सुरू होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे, म्हणजे हेच सामने संध्याकाळी साडेसहा, पावणेनऊ, रात्री ११ आणि दीडला. उरलेल्या महिन्यांत साडेतीन तासांचा फरक, म्हणून साडेपाच, पावणेआठ, १० आणि साडेबारा. लहान क्लबला बऱ्याचदा दुपारच्या वेळा मिळतात. भारतातल्या चाहत्याला हे सोयीचंच: जागरण न करता, चहाबरोबर सामना.

कोणता सामना निवडायचा? मोठ्या संघाविरुद्धचाच हवा असा हट्ट नको. ४ मे २०२४ ला इथेच बार्सिलोना दोनदा पुढे जाऊनही ४-२ ने हरली. ६५, ६७ आणि ७४ व्या मिनिटांना तीन गोल झाले, दोन पोर्तूचे आणि एक गुतिएर्रेसचा, आणि त्याच संध्याकाळी जिरोनाचं युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमधलं स्थान पक्कं झालं. ३ जानेवारीला आतलेतिकोला ४-३ ने हरवलं, तोही अतिरिक्त वेळेतल्या इव्हान मार्तीनच्या गोलाने. असे दिवस ठरवून मिळत नाहीत आणि त्यांची तिकिटंही मिळत नाहीत. पण ३१ मार्चला बेतिसविरुद्ध कर्णधार स्तुआनीने अगदी शेवटी विजयी गोल केला, तो सामनाही तितकाच जिवाला लागणारा होता. गुणतक्त्याच्या मध्यावरच्या पाहुण्या संघाविरुद्ध तिकीट मिळायची शक्यता चांगली, किंमत आवाक्यातली आणि घरचा संघ चेंडू घेऊन खेळतो, म्हणून रचनाही नीट पाहायला मिळते.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या की तो संघ आता तसा उरलेला नाही. त्या उन्हाळ्यात दोव्हबिक रोमाला, आलेश गार्सिया लेव्हरकूजेनला, साविन्यो मँचेस्टर सिटीला, कोतो डॉर्टमुंडला गेला आणि उसना आलेला एरिक गार्सिया बार्सिलोनाला परतला. पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, स्लोव्हान ब्रातिस्लाव्हावर २-०, तोही मोंटिलिवीवरच. लीगमध्ये संघ १६ वा आला. गुणतक्त्याच्या वरच्या टोकासाठी जाणाऱ्याची निराशा होईल. ज्याला संघाच्या जवळ बसून, प्रत्येक चुकलेल्या पासाला शेजारच्या आजोबांचा सुस्कारा ऐकत सामना पाहायचा आहे, त्याने प्रेफेरेनची वरची रांग पाहून ठेवावी आणि तारीख पक्की झाली की त्याच दिवशी तिकीट काढावं.