घाट उतरायचाय? इंदूरकर जीपवाल्यांसाठी नकाशाच्या ॲप्सबद्दल

इंदूरच्या दक्षिणेला भटकणाऱ्यांना जमीन फसवते. महूपर्यंत सगळा सपाट माळवा, आणि पुढे विंध्याची कड आली की पायाखालचं पठारच संपतं. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, तर खाली निमाडात नर्मदेचा काठ दीडशेच्या आसपास. बहुतेक सगळी उतरण या कडेवरच होते. त्यामुळे कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) न दाखवणारं ॲप मी या भागात आडवाटेला वापरत नाही. बाकी सोयी कितीही असोत.

मागे एका ॲपने (नाव घेत नाही) चोरलच्या पुढे एक गाव दीड किलोमीटरवर दाखवलं होतं. पडद्यावर रेघ व्यवस्थित जोडलेली. आमची जिप्सी जाऊन थांबली ती कड्याच्या टोकावर. गावातले पत्रे खाली उन्हात चमकत होते आणि मध्ये सरळ तुटलेला कडा.

त्यानंतर मी ऑसमअँड घेतलं आणि आजही तेच माझं मुख्य ॲप आहे. मध्य प्रदेशची वेगळी फाइल मिळते, ती वायफायवर उतरवून ठेवली की रानात नेटवर्कची गरज नाही. फोन जागा थेट उपग्रहांवरून घेतो. फुकटात मोजकेच नकाशे उतरवता येतात आणि अँड्रॉइडवर कंटूरसाठी पैसे मोजावे लागतात. मोजा. त्या रेषांसाठीच तर हे ॲप घ्यायचं.

माझे सासरे पाटबंधाऱ्याच्या कामात होते, सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट (उंची-सखल दाखवणारे सरकारी कागदी नकाशे) वाचण्यात त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. फोन हातात दिला तर बाबांनी आधी रस्ता पाहिलाच नाही. म्हणाले, “अगं, इथे बघ, रेषा एकमेकींना चिकटल्यात. इथून बकरीसुद्धा उतरणार नाही. आता डोंगराच्या या नाकाडावर ये, इथे रेषा सुट्या झाल्यात. जुनी वाट असली तर ती इथूनच असणार.” नकाशात तिथे तुटक रेघ होतीच, आणि जमिनीवर बैलगाडीची वाटही निघाली. कंटूर असा वाचायचा असतो, हे मला कुठल्याही ॲपच्या मदत-पानावर सापडलं नव्हतं.

पण या रेषांवर डोळे मिटून विसंबू नका. अशा नकाशांमधली उंचीची माहिती बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने केलेल्या रडार-मोजणीतून आलेली असते. तिच्यात साधारण दर ३० मीटरवर एक उंची. दहा मीटर रुंदीचा, उभ्या काठांचा नाला त्या जाळीतून सहज निसटतो. नकाशात सपाट, जमिनीवर खड्डा. चाक घालण्यापूर्वी एकाने उतरून चालत जावंच.

ऑरगॅनिक मॅप्स मी नणंदेच्या फोनवर टाकून दिलं. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, वापरायला अगदी सोपं. नकाशा दोन्ही ॲप्सचा ओपनस्ट्रीटमॅपचाच (लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा), त्यामुळे वाटा साधारण सारख्याच दिसतात. पायी फिरणाऱ्यांना मी हेच सुचवीन. गाडीवाटांचा दर्जा, पायवाट, नाला असं एकेक बारकाईने बघायचं असेल तर ऑसमअँड पुढे आहे.

गूगल मॅप्स गावापर्यंत पोचायला उत्तम. मानपूर, जाम दरवाजा, वाटेतला पेट्रोलपंप, सगळं बिनचूक. मात्र ऑफलाइन असताना ते फक्त गाडीचा मार्ग सांगतं, पायी किंवा सायकलचा नाही, आणि शेतातल्या वाटा त्यात थोड्याच असतात.

कुणाकडे घरात जुनं टोपोशीट असेल (आपला भाग ४६ एन या क्रमांकाच्या शीटांत येतो) तर ते स्कॅन करून ॲपमध्ये टाकता येतं. १:५०,००० चं शीट म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. फक्त एक लक्षात ठेवा. जुनी शीटं एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) बेतलेली, जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या गणितावर. तसंच ठेवलं तर आपल्या भागात जागा शंभरेक मीटर सरकते. कागदावर ते दोनच मिलिमीटर, पण रानात नाल्याचा हा काठ की तो, एवढा फरक. नवी शीटं सर्वे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि ती डब्ल्यूजीएस ८४ वरच असतात.

कोणत्याच ॲपला आपली काळी माती कळत नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. उन्हाळ्यात जी गाडीवाट दगडासारखी टणक, तीच आषाढात चाकं गिळते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये गाडीवाटांची पक्क्यापासून कच्च्यापर्यंत पाच दर्जांत नोंद करता येते, पण आपल्याकडे ती क्वचितच भरलेली दिसते. पावसाळ्यात मी महूपुढच्या काळ्या रानात जीप घालत नाही, नकाशा काहीही म्हणो. महूच्या आसपास लष्कराची हद्दही आहे. नकाशात वाट दिसली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, तिथून सरळ मागे फिरा.

आपण पाहिलेली वाट, नवं फाटक, पावसात बंद होणारा ओढा हे ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून कुणालाही भरता येतं. ऑसमअँडचे नकाशे महिन्याला नवे होतात, म्हणजे तुम्ही आज भरलेली नोंद लवकरच सगळ्यांच्या फोनवर येते. चोरलच्या त्या कड्यावर रस्ता संपतो, ही नोंद मी केली आहे. जाम दरवाजाच्या पश्चिमेच्या वाटा अजून बऱ्याच रिकाम्या आहेत. तिकडे जाणाऱ्यांनी ट्रॅक (गेलेल्या वाटेची जीपीएस नोंद) नोंदवून आणावेत.